पांझरा जाते तिथवर

धरणगाव,
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप वच्छलाअक्कास,

आजवर माझ्या हातांनी बनलेल्या वस्तू अशा: मोटारीचं वाइंडिंग करायचं हातयंत्र, सायकलच्या चेनवर चालणारं, नूतनच्या शिलाई मशीनची मोटार, जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा हवा भरायचा पंप, घराचा जिना, गवंड्याने पायऱ्या लहानमोठ्या केल्या म्हणून पाडून मी पुन्हा बांधलेला, ‘तीन चाकांवरून’ हे इंटरनेटवरचं माझं प्रवासाचं पान, त्यातले नकाशे धरून, आणि मोटारसायकलला जोडलेली बाजूची बैठक, तिसरं चाक, स्प्रिंग, गादी आणि उन्हाची झडप यांसकट. यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही.

हे सगळं मी जळगावच्या परिषदेच्या अर्जात लिहिलं होतं. ‘स्वतःविषयी’ या रकान्यात दोनच ओळी मावल्या, बाकीचं कॉम्प्युटरने कापून टाकलं. तुझी भावजय नूतन म्हणाली, “दोन ओळींत मावेल एवढंच करायचं होतं मग.”

परिषद फेब्रुवारीत आहे. प्रवास करून त्याविषयी इंटरनेटवर लिहिणारे लोक, ज्यांना ट्रॅव्हल ब्लॉगर म्हणतात, ते दोन दिवस जमणार. अशा ठिकाणी मी पहिल्यांदाच जातोय. मला बोलायला पाच मिनिटं मिळाली आहेत आणि मी पांझरेवर बोलणार आहे.

का, ते तुला माहीत आहे. दाजींच्या वर्षश्राद्धाला पिंपळनेरला आलो होतो तेव्हा तू परसात उभी राहून म्हणाली होतीस, “लग्न झाल्यापासून ही नदी माझ्यासमोरून जाते. पुढे हिचं काय होतं ते मी पाहिलंच नाही.” तेव्हापासून मी तो सगळा काठ फिरलो, पार मुडावदला ती तापीला मिळते तिथवर. वाटेतला प्रत्येक पूल, सावली, चहा आणि पंक्चरवाला लिहून ठेवला. पानं छापून सोबत पाठवतोय, कारण फोनवर वाचताना तुझे डोळे दुखतात.

बैठक तुझ्या मापाची आहे. नूतन तिला टोपलं म्हणते आणि बसत नाही. तुला तीनदा विचारलं, तर तू एकदा पापड सांगितलेस, एकदा गुडघे, एकदा सून डिंपलची परीक्षा. आता चौथ्यांदा विचारतो. या आखाजीच्या सणाला तुला माहेरी न्यायला मुराळी म्हणून मीच येतो. नदीच्या काठाने मुडावदपर्यंत जाऊ आणि तिथून अमळनेरमार्गे माहेरी. माझ्या वेल्डिंगवर भरवसा नसेल तर तसं स्पष्ट लिही. मला राग येणार नाही. येईल, पण सांगणार नाही.

तुझा,
लीलाधर

*

पिंपळनेर,
२३ जानेवारी

चि. लीलाधर भाऊस,

पानं मिळाली. फोन केला नाही, कारण आमच्याकडे फोन आला की तो मोठ्या आवाजावर लावतात आणि सगळं घर भोवती बसतं. पत्र माझ्या एकटीचं असतं.

दुपारी जेवणं झाली की ओसरीतल्या खाटेवर पडते, तुझं पान छातीवर ठेवते आणि निघते. तू लिहितोस, नेरच्या पुढे रस्त्याला कडुलिंबाची सावली आहे. तिथे मी थांबते. तू लिहिलेलं नाहीस, पण त्या सावलीत एक बाई बोरं घेऊन बसलेली असते. ती मला ओळखते, पण कोणाची कोण ते विचारत नाही. पुढे नदी रुंद होते आणि मी पाण्यातून चालायला लागते. पाय भिजतात, लुगडं मात्र कोरडंच राहतं. माझा वेग आणि तिचा वेग एकच. गव्हाची शेतं येतात, कोणी तरी लांबवर शेळ्या हाकतं, त्याचा आवाज येतो पण माणूस दिसत नाही. धुळ्याचे पूल डोक्यावरून जातात. मग डिंपल चहाला उठवते आणि मी कुठवर गेले होते ते विसरते. मुडावद अजून एकदाही आलेलं नाही.

तिथे दोन पाणी मिळतात तेव्हा रंग वेगळे दिसतात का रे? तू पुलाची लांबी लिहिलीस, रंग लिहिला नाहीस.

तुझ्या वेल्डिंगवर माझा भरवसा आहे. पण आखाजीचं राहू दे. माझ्याच्याने आता लांबचा प्रवास होत नाही. प्रवासात मी पाणी पीत नाही. गेल्या वर्षी धुळ्याच्या लग्नाला गेले ती सकाळपासून घोटभरही न पिता, आणि परत आले ती दोन दिवस अंथरुणात. डिंपल म्हणाली, ऊन लागलं. असेल.

तू परिषदेला जा. इस्त्रीचा शर्ट घाल आणि कोणी चुकलं तर लगेच दुरुस्त करू नकोस.

तुझी,
अक्का

*

धरणगाव,
२ फेब्रुवारी

तीर्थरूप अक्कास,

प्रवासात पाणी पीत नाहीस हे वाचून वाईट वाटलं, आणि रागही आला. एवढी साधी अडचण होती तर आधी का नाही बोललीस?

बैठकीच्या मागे मी टाकी बसवली आहे. स्टीलची, दहा लिटरची, बाहेरून ओल्या गोणपाटाची दोन आवरणं, म्हणजे चैत्रातही पाणी गार राहील. नळी तुझ्या उजव्या हाताशी येते. तोटी अंगठ्याने दाबायची, त्यामुळे गाडी चालू असतानाही पिता येईल. आता वाटेत कोणाच्या दारात पाणी मागायला नको. तुझी अडचण मिटली.

नूतनला टाकी दाखवली. ती म्हणाली, “एवढं डोकं, आणि शेवटी पाणीच भरलंत.” मी विचारलं, म्हणजे काय. ती भाकरी थापत राहिली. बायकोला कामाची कदर नसते, हे मी आता धरूनच चालतो.

रंगाचं म्हणशील तर, मी गेलो तेव्हा दुपार होती आणि सगळं पाणी चमकत होतं. खात्री नसलेली गोष्ट मी लिहीत नाही. येशील तेव्हा तूच पाहा.

तुझा,
लीलाधर

*

पिंपळनेर,
१० फेब्रुवारी

चि. लीलाधर भाऊस,

टाकी चांगली केली असशील. तू केलेलं वाईट कसं असेल.

पण माझं उत्तर तेच आहे. पुन्हा विचारू नकोस, नाही म्हणताना मला त्रास होतो. मी खाटेवरून जाते तेवढं पुरे आहे. काल कुठवर गेले सांगू? बेटावदपर्यंत. नदीच्या पात्रात कलिंगडांच्या वाड्या होत्या आणि वेलींखाली हळूच पाणी वाजत होतं. हे खरं आहे का, ते मला सांगू नकोस.

तुझी,
अक्का

*

धरणगाव,
१८ फेब्रुवारी

तीर्थरूप अक्कास,

परिषद झाली. जसं घडलं तसं लिहितो.

हॉल थंड आणि अंधारा होता. विहिरीच्या तळाशी बसून वरचं आभाळ बघावं, तसे आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. एकामागून एक देश येत होते. बर्फ, वाळू, निळी घरं, धुक्यातून निघणारी एखादी आगगाडी. बोलणारे बदलत होते पण आवाज एकच वाटत होता, मऊ, लांबून आल्यासारखा. माझ्या गळ्यात माझ्या नावाची पट्टी होती. तिच्याकडे मी अधूनमधून बघत होतो, आपण इथेच आहोत ना, म्हणून. आपण सगळे तरंगतोय, आणि कोणी हलकेच फुंकर घातली तर या भिंतीतून त्या बर्फात जाऊ, असं मला खरंच वाटलं. असं मला सहसा वाटत नाही.

जेवायला भरीत होतं, गॅसवर भाजलेलं. कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांचा वासच नाही. तू बजावलं होतंस म्हणून आचाऱ्याला मी जेवण झाल्यावर सांगितलं, आधी नाही.

दुसऱ्या दिवशी माझी पाच मिनिटं आली. मी पांझरा सांगितली. पिंपळनेरपासून मुडावदपर्यंत, कठडे कुठे तुटलेत, सावली कुठल्या वेळी रस्त्याच्या कुठल्या बाजूला पडते, हवा भरायचा पंप कुठे खरा आहे आणि कुठे नुसती पाटी आहे. लोक शांतपणे ऐकत होते. मला बरं वाटत होतं.

मग एक मुलगी उठली. भूमिका तिचं नाव, भडगावची आहे, गिरणेच्या काठाने एकटी फिरून लिहिते. म्हणाली, “काका, तुमचं पान मी आईला वाचून दाखवते. त्यात सावली आहे, पंक्चरवाला आहे. पण बायकांसाठी बाथरूम कुठे आहे ते एकदाही नाही.”

मी म्हणालो, “कोणी विचारलं नाही.”

“कोण विचारणार? माझी आई विचारत नाही. ती प्रवासात पाणी प्यायचंच बंद करते.”

हॉलमधल्या बायका हसल्या. मला नव्हे. एकमेकींकडे बघून हसल्या, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कोणीतरी बोलली की हसतात तशा.

आणि मी, अक्का, माइक हातात होता म्हणून म्हणालो, “माझ्या गाडीला दहा लिटरची टाकी आहे.”

मग मात्र त्या मलाच हसल्या. त्यांच्यात एक माझ्या वयाची बाई होती, ती पदराने डोळे पुसत होती. मी खाली आलो तोवर मला कळलं होतं. नूतन भाकरी थापताना काय म्हणाली तेही कळलं.

मी उठून बाहेर गाडीपाशी गेलो. कोणाशी बोलायचं नव्हतं. गाडीवर बसायला लागलो आणि मनात आलं की बाजूच्या बैठकीत मी आजवर बसलोच नाही. बनवणारा मी, चालवणारा मी. मग तिच्यात बसलो. तिथून जग खालून दिसतं, अक्का. रस्ता अंगाशी येतो. हँडल हाताशी नसतं. थांबायचं असेल तर दुसऱ्याला सांगावं लागतं, आणि का थांबायचं तेही. उन्हात गाडी तापली होती, हॉलमधून टाळ्या येत होत्या, कोणत्या तरी देशासाठी. मी डोळे मिटले तर तुझी बोरंवाली दिसली. तिने मलाही कोणाचा कोण ते विचारलं नाही.

भूमिका शोधत आली. म्हणाली, “राग आला का काका?”

मी म्हणालो, “आला. पण तुझा नाही.”

एवढंच विचारतो. हो किंवा नाही लिही, जास्त लिहू नकोस. तू येत नाहीस ते याच कारणाने का?

तुझा,
लीलाधर

*

धरणगाव,
१२ मार्च

तीर्थरूप अक्कास,

तुझं पत्र आलं नाही. न येणं हेच उत्तर समजून कामाला लागलो.

पांझरेचा काठ पुन्हा केला. बायकांच्या जागी आत जाऊन मला बघता येईना, म्हणून नूतनला विचारलं. टोपल्यात बसून मिरवायची हौस नाही म्हणणारी बाई शिलाईच्या दुकानाला कुलूप लावून आली, डोळ्यांना गॉगल लावून. म्हणाली, “याच्यासाठी आधीच बोलावलं असतं तर आधीच आले असते.” वाटेत मीही नियम केला, की बायकांना सोय असेल तिथेच मी थांबायचं. गडी माणूस कुठेही गाडी लावून झाडाकडे तोंड करून उभा राहतो, ते या वेळी बंद. धुळ्याच्या अलीकडे माझा जीव कासावीस झाला. नूतनने गाडी हळू चालवायला सांगितलं आणि गाणं म्हणत राहिली.

ती आत जायची, बाहेर यायची आणि सांगायची, मी लिहायचो. “पाणी आहे, बादली नाही. लिहा.” “दार आहे, कडी नाही. लिहा.” कडी नाही हे इतक्यांदा झालं की मी धुळ्यात कड्या, स्क्रू आणि हातड्रिल घेतलं. एका पेट्रोल पंपावर मालकाला विचारलं, कडी बसवू का, पैसे नकोत. तो म्हणाला, “तुम्ही कोणत्या खात्याचे?” मी म्हणालो, “मुराळी आहे.” त्याला काय समजलं कोण जाणे, पण दार दाखवलं. एका देवळामागे बसवली, एका हॉटेलात बसवली. तिथली कामवाली दोनदा उघडून लावून बघून गेली. नदी बाजूने येतच होती. कुठे नुसती वाळू, कुठे ढोपरभर पाणी, त्यात बगळे. मी ड्रिल चालवायचो आणि नूतन काठावर पाय सोडून बसायची. वीस वर्षांत तिला अशी बसलेली मी पाहिली नव्हती.

हे सगळं पानावर चढवलं आहे. कधी नव्हे इतके लोक ते वाचतायत, बहुतेक बायका.

आता लिहायला अवघड आहे ते. तुझे गुडघे वाकत नाहीत हे मला माहीत आहे. बैठकीखाली बसेल अशी घडीची खुर्ची केली आहे, पाठीला आधार, मध्ये कापलेली गोल जागा, कडा घासून गुळगुळीत. भोवती उभा राहणारा कापडी आडोसा आहे. तो नूतनने शिवला. कापड दुहेरी घेतलं, कारण एकेरी कापडातून उन्हात आतल्या माणसाची सावली बाहेर दिसते. ते तिला सुचलं, मला नाही. वाटेत जिथे सोय नाही तिथे हे उभं करायला मला एक चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो, आणि मग मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहीन, पाठ करून.

टाकी काढलेली नाही. तिचा दोष नव्हता.

तुझा,
लीलाधर

*

पिंपळनेर,
२४ मार्च

चि. लीलाधर भाऊस,

एवढं उघडं कोणी भाऊ बहिणीला लिहितो का? पत्र वाचलं आणि गव्हाच्या कोठीत टाकलं. मग हात घालून काढलं आणि परत वाचलं.

आता तू लिहिलंसच आहेस, तर ऐक. पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून मला फार वेळ धीर धरवत नाही. हे मी घरात कोणाला बोलले नाही. धुळ्याच्या त्या लग्नात मांडवामागे एकच दार होतं आणि त्याला कुलूप होतं. किल्ली ज्याच्याकडे होती तो वरातीत नाचत होता. आत बायका मला हळदीला हाका मारत होत्या. मी कुलपाकडे बघत उभी होते आणि हसत होते, येते येते म्हणत. त्या दिवशी ठरवलं की आता आपण घरातच बरे. नदी जाते तर जाऊ दे.

तुझं पान डिंपलने फोनवर वाचलं. माझ्याकडे आली आणि म्हणाली, “आई, धुळ्याला तुम्हाला ऊन नव्हतं ना लागलं?” मी पोळीचं पीठ मळत होते. म्हणाले, नाही. ती म्हणाली, “मीबी एसटीत बसले तर पाणी पीत नाही. बठ्ठ्या बाया अश्याच शेतस, आई.” तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली, आणि आम्ही दोघी एकाच घरात तहानलेल्या. दोघींना हसू आलं. मग तिने तांब्याभर पाणी आणलं, आम्ही दोघींनी प्यायलं, आणि कुठे जायचंच नव्हतं.

परवा दुपारी खाटेवर पडले, पण निघता येईना. पाय पाण्यात बुडेनात. बोरंवाली उठून गेलेली. मला वाटतं, खरं जायचं ठरलं की तसलं जाणं बंद होत असावं.

मी येसू, भाऊ.

पण ऐकून ठेव. पुलांची लांबी मला सांगायची नाही. मुडावदला पोचलो की गाडी बंद करायची आणि तू जरा लांब जायचं. पाण्याजवळ मला एकटीला उभं राहू दे. मी हाक मारेन तेव्हा ये.

नूतनला म्हणावं, आडोशाचा रंग कोणता?

तुझी,
अक्का

*

धरणगाव,
१४ एप्रिल

तीर्थरूप अक्कास,

रंग गडद जांभळा आहे. नूतन म्हणते, लुगड्याला शोभेल.

सत्तावीस तारखेला सकाळी येतो. ऊन चढायच्या आत नेर गाठू, दुपार धुळ्यात काढू, मुक्काम बेटावदला ओळखीच्या घरी. तिथल्या दाराची कडी मी स्वतः बघून आलोय. दुसऱ्या दिवशी मुडावद, आणि मग माहेरी. आखाजीला झोका दारातल्या कडुलिंबालाच बांधणार आहे. दोरी नवी घेतली.

सध्या माझं कामात लक्ष नाही. काल एका विहिरीच्या मोटारीला तार गुंडाळत होतो. तांब्याची तार उन्हात वाहत होती, आणि मी नदीच गुंडाळतोय असं वाटायला लागलं. वेढे मोजायचे राहिले. सगळं उलगडून पुन्हा सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदा. नूतनला सांगितलं नाही.

मुडावदला मी लांब जाईन. किती लांब, ते विचारत नाही. तू हाक मारलीस की ऐकू येईल एवढं.

तुझा,
लीलाधर

ता. क. परिषदेत पुण्याच्या एका पर्यटन कंपनीचा माणूस भेटला होता, तो गेल्या आठवड्यात धरणगावला आला. आखाजीच्या आठवड्यापासून पूर्ण उन्हाळाभर मी तापीच्या काठाने गाडी चालवायची, बाजूच्या बैठकीत त्यांचा फोटोग्राफर बसणार, पानावर त्यांचं नाव, आणि कड्यांचं ते सगळं लिखाण काढून टाकायचं, कारण प्रवासात लोकांना असलं वाचायला आवडत नाही म्हणे. मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, बैठक भरलेली आहे. तो म्हणाला, कोण आहे त्यात, आम्ही त्यांच्याशी बोलतो. मी म्हणालो, त्या नदीशी बोलतात, तुमच्याशी बोलणार नाहीत. नूतनला रक्कम सांगितलेली नाही, तूही सांगू नकोस. दोन लाख चाळीस हजार.